पन्नास केबीतला चेहरा

नाशिक जिल्ह्यातल्या नांदगावच्या तहसील कचेरीच्या आसपास ऑनलाइन फॉर्म भरून देणारी दुकानं आहेत. भरतीच्या दिवसांत तिथे थोडा वेळ उभं राहिलं तर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "फोटो घेत नाहीये." घेत नाही ती वेबसाइट. मग दुकानातला पोरगा फोटो कुठल्यातरी फुकट साइटवर टाकतो, तिथून 'कमी' करून आणतो, पुन्हा चढवतो. कधी फाईल मोठी म्हणून परत येते, कधी फारच लहान झाली म्हणूनही परत येते. दोन-तीन खेपांनंतर एकदाची चढते. पुढे हॉलतिकिटावर जो चेहरा छापून येतो तो बघून परीक्षा केंद्रावरचा माणूस आधी कागदाकडे पाहतो, मग उमेदवाराकडे, मग पुन्हा कागदाकडे.

या तालुक्यातून इंटरनेटवर चढणारे फोटो किती तऱ्हेचे आहेत बघा. मनमाडच्या मुलांचे रेल्वे आणि बँक भरतीचे फोटो आणि सह्या. साकोरा, बोलठाण, न्यायडोंगरीकडच्या शेतकऱ्यांची ई-पीक पाहणी. नस्तनपूरच्या शनी मंदिरातली गर्दी, श्रावणात जातेगावच्या पिनाकेश्वराचा डोंगर, गिरणा धरण भरलं की पांझणकडे धावणारे मोबाइल (धरण नांदगाव तालुक्यात, पाणी बव्हंशी जळगाव जिल्ह्याला, फोटो तेवढे सगळ्यांचे). शिवाय लग्नं, वाढदिवसाचे बॅनर, मार्केटमधला कांदा, सातबाऱ्याचे स्क्रीनशॉट.

'चांगला फॉरमॅट कुठला?' असं लोक विचारतात. नुसत्या या प्रश्नाला उत्तर नाही. चित्रात काय आहे आणि पलीकडे ते कोण उघडणार, एवढं कळलं की उत्तर बरंचसं आपोआप मिळतं. माझा रोख मात्र दुसरीकडे आहे. आपल्याकडे चुकीच्या फॉरमॅटमुळे फोटो बिघडतात ते थोडे. बहुतेक वाटेत बिघडतात. मोबाइलवरून व्हॉट्सॲपवर, व्हॉट्सॲपवरून दुकानात, दुकानातून फुकट साइटवर, तिथून पोर्टलवर. प्रत्येक मुक्कामी कुणीतरी न विचारता तो पुन्हा एकदा दाबतं.

दाबतं म्हणजे काय करतं, ते आधी पाहू. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे आणि दर आकड्याला एक बाइट. गुणाकार केला तर एका फोटोला ३६ एमबी लागायला हवेत. गॅलरीत तो तीन-चार एमबीचा दिसतो. मधले तीस-बत्तीस एमबी जेपेगने खाल्लेले असतात, आणि खाल्लेलं कळू न देणं हीच त्याची करामत आहे. दुकानात त्याला जेपीजी म्हणतात. फाईलच्या नावापुढे तीन अक्षरं असोत की चार, वस्तू एकच. जुन्या संगणकांना तीनच अक्षरं चालत म्हणून तो फरक राहून गेला. जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप ही समिती १९८६ मध्ये बसली आणि १९९२ मध्ये तिचं प्रमाणक ठरलं. इंटरनेटच्या दुनियेत तीस वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या वस्तू बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली ही एक.

त्याच्या पोटातलं गणित त्याहून जुनं आहे आणि त्यावर तीन भारतीय नावं आहेत. बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होते. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करायला अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. प्रस्ताव नामंजूर झाला. तरी काम थांबलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत लिहिलेला त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे त्या रीतीचं नाव. आज मोबाइलवर जो व्हिडिओ चालतो त्याच्याही मुळाशी हीच रीत किंवा तिचं एखादं भावंड असतं.

ही रीत चालते कशी? डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून जेपेग पहिल्यांदा उजेड आणि रंग वेगळे करतं आणि बहुतेक वेळा रंगाची माहिती लांबीत निम्मी आणि रुंदीत निम्मी करून टाकतं. रंगाचा चौथा हिस्साच उरतो आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. एका चौकोनातले ६४ ठिपके ६४ लहरींच्या बेरजेत मांडता येतात: पहिली म्हणजे चौकोनाचा सरासरी उजेड, पुढच्या अधिकाधिक बारीक. बारीक लहरींच्या आकड्यांना मोठ्या संख्येने भागून जवळच्या पूर्णांकावर आणलं की बरेचसे शून्य होतात, आणि शून्यांची लांब रांग लिहायला जागा फार लागत नाही. सेव्ह करताना क्वालिटीचा जो काटा सरकवतात, तो हाच भाजक लहानमोठा करतो. तेव्हा क्वालिटी ८० म्हणजे ऐंशी टक्के फोटो शिल्लक राहिला, असं समजू नये. ८५ च्या आसपास साध्या डोळ्याला फरक दिसत नाही आणि फाईल बरीच हलकी होते. ९५ च्या वर गेलं की फाईल फुगते आणि हाती फारसं काही येत नाही.

धरणाचं पाणी, ढग, चेहरा, कांद्याचा ढीग अशा चित्रांत जेपेगची चोरी पकडली जात नाही. अक्षरांत लगेच पकडली जाते, आणि देवनागरीत तर फारच. शिरोरेषेची सरळ धारदार कड, वर वेलांटीचा बाक, रफार, अनुस्वाराचा एवढासा ठिपका. काळ्यावरून पांढऱ्यावर एकदम उडी मारायची तर ती बारीक लहरींशिवाय मांडता येत नाही, आणि नेमक्या त्याच आपण भागून शून्य केलेल्या असतात. म्हणून अक्षरांभोवती राखाडी धूळ उडाल्यासारखी दिसते. भगव्यावर लाल अक्षरं असतील (आणि आपल्याकडच्या निमंत्रणांना दुसरा रंग सुचतच नाही) तर आणखी पंचाईत. तिथे उजेडातला फरक थोडा, जो आहे तो रंगातला, आणि रंग तर चौथाईवर आलेला. अक्षरं शेजारच्या रंगात विरघळतात. पत्रिकेत हे खपून जातं. सातबाऱ्याच्या स्क्रीनशॉटमध्ये क्षेत्रातलं दशांश चिन्ह पुसट झालं किंवा १ चा ९ वाटायला लागला, तर खपत नाही.

म्हणून स्क्रीनशॉट, पत्रक, नकाशा, बोधचिन्ह, म्हणजे जिथे सपाट रंग आणि धारदार कडा आहेत तिथे पीएनजी. तो काहीच टाकून देत नाही. सारख्या ठिपक्यांच्या ओळी थोडक्यात लिहून ठेवतो आणि उघडताना जशाच्या तशा परत देतो. मात्र धरणाच्या फोटोत दोन शेजारचे ठिपकेही हुबेहूब सारखे नसतात. असा फोटो पीएनजीत घातला की फाईल जेपेगच्या कित्येक पट होते आणि डोळ्यांना काही जास्त दिसत नाही. आणखी एक भ्रम आहे: खराब झालेला जेपेग पीएनजी करून घेतला की सुधारतो. सुधारत नाही. धूळ तशीच राहते, तिला जागा तेवढी जास्त मिळते.

पीएनजीचा जन्म भांडणातून झाला. कॉम्प्यूसर्व्ह या अमेरिकन कंपनीने १९८७ मध्ये जिफ आणला. एका चित्रात रंग जास्तीत जास्त २५६, पण चित्र हलवता येतं. त्याच्यातली दाबण्याची रीत युनिसिस कंपनीच्या पेटंटखाली होती, आणि १९९४ च्या अखेरीस जिफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी परवान्याचे पैसे भरावेत अशी घोषणा झाली. चिडलेल्या प्रोग्रामरांनी जानेवारी १९९५ मध्ये थॉमस बाउटेल यांच्या मसुद्यावरून नवा फॉरमॅट रचायला घेतला. ऑक्टोबर १९९६ मध्ये वेबची प्रमाणकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने त्याची शिफारस केली. पेटंट अमेरिकेत जून २००३ मध्ये संपलं. पण जिफचं स्थिर चित्रांतलं काम हळूहळू गेलं. फिरणारी फुलं आणि चमकणारे दिवे यांपुरता तो उरला. व्हॉट्सॲपवर आज जिफ म्हणून जे हलतं तेही खरं तर मूक व्हिडिओच असतो.

बॅनर करणाऱ्या पोरांच्या तोंडी पीएनजी म्हणजे मागचं सगळं कापून काढलेला फोटो. "साहेबांचा पीएनजी पाठव, पीएलपी माझ्याकडे आहे." पीएलपी ही पिक्सेललॅब नावाच्या मोबाइल ॲपची फाईल, अर्ध्या महाराष्ट्राचे वाढदिवस तिच्यावर साजरे होतात. पीएनजीत प्रत्येक ठिपका किती पारदर्शक आहे याचा आकडा ठेवता येतो, जेपेगमध्ये ती सोयच नाही. म्हणून कापलेला फोटो चुकून जेपीजी म्हणून सेव्ह झाला की साहेबांमागे पांढरी किंवा काळी भिंत उभी राहते, आणि नाव बदलून पुन्हा पीएनजी केलं तरी ती पडत नाही. गूगलवरून उतरवलेल्या 'पीएनजी'त करड्या-पांढऱ्या चौकटी सेव्ह केल्यावरही दिसत असतील तर त्या चित्रातच रंगवलेल्या आहेत, असं समजून दुसरं चित्र शोधावं.

नाव बदलण्याचा विषय निघालाच आहे तर आयफोनकडे वळू. २०१७ मध्ये आयओएस ११ सोबत ॲपलने एचईआयसी आणला. फोटो साधारण निम्म्या जागेत, दर्जा तोच. पण दुकानातल्या जुन्या विंडोजला तो उघडत नाही आणि पोर्टल नाकारतं. मग कुणीतरी फाईलचं नाव बदलून पुढे जेपीजी लिहितं. पोर्टल नावाला फसत नाही. फाईलच्या पहिल्या काही बाइटवरूनच तिची जात कळते. यावर खरा उपाय फोनमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपेगमध्ये निघतात. जुने असतील तर फोटो ॲपमधून जेपेग म्हणून निर्यात करावेत.

वेबपीची गोष्ट जवळपास तशीच. गूगलने २०१० मध्ये आणला. जेपेगपेक्षा चतुर्थांश ते तृतीयांश लहान फाईल, हा त्यांचा स्वतःचा दावा. सफारीने त्याला जवळ करायला २०२० उजाडलं. लोकांना तो माहीत नाही म्हणावं, तर व्हॉट्सॲपचं प्रत्येक स्टिकर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं वेबपी असतं, म्हणजे सकाळच्या पहिल्या नमस्कारापासून तो आपल्या हातात असतो. वेबसाइट चालवणाऱ्याने तो जरूर वापरावा, पानं लवकर उघडतात. फॉर्मला मात्र तो चालत नाही, आणि इंटरनेटवरून उतरवलेला फोटो अलीकडे बरेचदा तोच निघतो.

आता व्हॉट्सॲप. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू ते साधारण १६०० पिक्सेलवर आणतं आणि जेपेग पुन्हा दाबतं. चार हजारांतले चोवीसशे पिक्सेल तिथेच गेले. मोबाइलच्या पडद्यावर काही कळत नाही. कळतं ते फ्लेक्सवर. दहा फूट रुंदीचा फ्लेक्स म्हणजे १२० इंच. १६०० पिक्सेल त्यावर पसरले की इंचाला तेरा पडतात. त्यात साहेब एकटे नसतात, फोटोत शेजारी सातजण असतात आणि त्यांतून साहेबांना कापून मोठं केलेलं असतं. दुरून चालून जातं, चौकात खाली उभं राहून पाहिलं की गालावर आठ बाय आठचे चौकोन मोजता येतात. ऑगस्ट २०२३ पासून फोटो एचडीत पाठवायची सोय आली, त्याने बराच फरक पडतो. पण मूळ फाईल हवी असेल तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी लागते. तशी गेली की एकही बाइट बदलत नाही. इन्स्टाग्रामचं माप वेगळं: रुंदी १०८०. तिथे टाकायचा फोटो आपणच त्या रुंदीला आणून ठेवला तर निदान लहान कसा करायचा हे आपल्या हाती राहतं.

एकदा दाबलेला जेपेग उघडून जसाच्या तसा सेव्ह केला तर नुकसान फार होत नाही, कारण चौकोन त्याच जागी पडतात आणि भागाकार तोच असतो. कडा कापल्या किंवा आकार बदलला की चौकोनांची जाळी सरकते, क्वालिटी बदलली की भाजक बदलतो, आणि जुन्या धुळीवर नवी बसते. नांदगावचा फोटो दुकानात पोचेपर्यंत हे दोन-तीनदा झालेलं असतं. म्हणून लहान करायचं ते एकदाच, आणि मूळ फाईलवरून. जुने स्टुडिओवाले पासपोर्टच्या फोटोवरून दुसरा फोटो काढत नसत, निगेटिव्ह शोधून काढत. मोबाइलमधली पहिली फाईल तीच निगेटिव्ह.

फॉर्मचं गणित इथे जरा तपशिलात मांडतो, कारण सगळा वैताग तिथे आहे. आयबीपीएसच्या बँक भरतीत फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा २४० बाय २४०, २० ते ५० केबी. हाताने लिहिलेलं प्रतिज्ञापत्र ८०० बाय ४००, ५० ते १०० केबी. सगळं जेपेगमध्ये. दुकानात यातला केबीचा आकडा तेवढा वाचला जातो. बारा मेगापिक्सेलचा फोटो तसाच ठेवून क्वालिटी खाली खाली नेत ५० केबीत कोंबला तर १ कोटी २० लाख ठिपक्यांना चार लाख बिट मिळतात, म्हणजे तीस ठिपक्यांमागे एक. त्यात नाक-डोळे कुठून येणार? तोच फोटो आधी २०० बाय २३० वर आणला तर ठिपके उरतात ४६ हजार आणि न दाबताही फाईल १३५ केबीच्या घरात. ५० मध्ये बसवायला जेमतेम तिपटीने दाबायचं, जे जेपेगला सहज जमतं. क्रम तेवढा पाळायचा: आधी कडा कापा, मग पिक्सेल कमी करा, केबीचं शेवटी बघा.

सहीत उलटी अडचण. १४० बाय ६० म्हणजे ८४०० ठिपके. काहीही न दाबता त्यांची फाईल पंचवीस केबीच्या आत. पांढऱ्या कागदावर दोन काळ्या रेघा, जेपेग त्या चार-पाच केबीत गुंडाळून मोकळं होतं. खालची मर्यादा मात्र दहाची. 'फाईल टू स्मॉल' हा संदेश यातूनच येतो आणि पोरगं गोंधळतं, कारण आतापर्यंत त्याला कमी करायलाच सांगितलेलं असतं. मापापुढे सूचनेत 'प्रिफर्ड' असा शब्द आहे. २८० बाय १२० घेतलं, क्वालिटी वर ठेवली की दहाच्या पलीकडे जाता येतं.

सूचनांतली आणखी एक गंमत कुणी सहसा तपासत नाही. कागदी फोटोचं माप ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर दिलेलं असतं आणि पिक्सेल २०० बाय २३०. या दोन चौकटींचं प्रमाण जुळत नाही. पहिल्या मापाने कापलेला फोटो दुसऱ्यात ताणून बसवला की चेहरा सुमारे बारा टक्के रुंद होतो. म्हणजे हॉलतिकिटावरचं बाळसं खरं नव्हे. ताणू नये, वरून किंवा खालून थोडं कापून प्रमाण जुळवावं. आणि सूचनेत 'डीपीआय' लिहिलं असेल तर घाबरू नये. पडद्यावर तो नुसता एक शिक्का असतो, पिक्सेल तेवढेच राहतात.

हे सगळं करायला फुकट साइटची गरज नाही, आणि अनोळखी साइटवर आपली सही, अंगठा आणि आधार कार्ड ठेवून येणं मला तरी पसंत नाही. विंडोजच्या पेंटमध्ये रिसाइझ आहे. इरफान श्किल्यान या बोस्नियन प्रोग्रामरने १९९६ पासून चालवलेलं इरफानव्ह्यू घरगुती वापराला मोफत आहे आणि त्यात जेपेग सेव्ह करताना 'इतक्या केबीत बसव' असं थेट सांगता येतं. नांदगावातल्या एखाद्या दुकानाने एवढं जरी बसवून घेतलं तरी भरतीच्या दिवसांतली रांग हलकी होईल.

फोटो आडवा चढतो, ही तक्रारही नेहमीची. फोन बरेचदा फोटो आडवाच साठवतो आणि सोबत चिठ्ठी जोडतो की दाखवताना उभा दाखव. काही पोर्टलं ती चिठ्ठी वाचत नाहीत. फोटो संपादकात उघडून, फिरवून, नव्याने सेव्ह केला की काम होतं. ही चिठ्ठी एक्झिफ नावाच्या नोंदीचा भाग आहे. जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने ती पद्धत १९९५ मध्ये ठरवली. तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नाव आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश, एवढं सगळं तीत असतं. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून व्हॉट्सॲप ही नोंद काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्यात ती राहते. स्थळासाठी मुलीचा फोटो 'क्लिअर जावा' म्हणून डॉक्युमेंट करून पाठवणाऱ्या वडिलांनी आपल्या मळ्यातल्या घराचा नेमका ठावठिकाणाही सोबत धाडलेला असू शकतो. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवावं किंवा पाठवण्याआधी गॅलरीतून काढून टाकावं.

ई-पीक पाहणीत याच्या अगदी उलट. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या या योजनेत शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवतो, आणि पिकाच्या फोटोइतकंच वजन त्यासोबत जाणाऱ्या अक्षांश-रेखांशाला असतं. तिथे लोकेशन बंद ठेवून चालत नाही. फॉरमॅट कोणता याची काळजी मात्र तिथे ॲपवर सोडता येते.

मूळ प्रत जपण्याच्या बाबतीत या भागाच्या आसपासचा इतिहास बोलका आहे. निजामाच्या हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने १९०० च्या सुमारास मनमाड आणि औरंगाबाद जोडेपर्यंत वेरूळची लेणी पाहायला निघालेला प्रवासी नांदगाव स्टेशनावर उतरे आणि पुढे टांग्याने जाई. नांदगावच्याच लोहमार्गावरच्या भुसावळला १८७९ मध्ये रॉबर्ट गिल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी वारला. अजिंठ्याची भित्तिचित्रं तेलरंगात उतरवण्यात त्याने वर्षानुवर्षं घालवली. त्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कित्येक साउथ केन्सिंग्टनला १८८५ मध्ये जळाल्या. गिलने लेण्यांचे फोटोही काढले होते. त्यांतले ७४ जेम्स फर्ग्युसनच्या 'द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया' या १८६४ च्या पुस्तकात गेले, प्रती ठिकठिकाणी पसरल्या आणि वाचल्या. लग्नाच्या आल्बमची एकच पेनड्राइव्ह कपाटात ठेवणाऱ्या घरांनी हे ऐकून ठेवायला हरकत नाही. लग्नाचे फोटो काढणारे कॅमेऱ्यात 'रॉ' फाईल घेतात, तीत सेन्सरने पाहिलेलं जवळपास सगळं असतं. ती मागून घ्यायचा हट्ट नको, बहुतेकांकडे ती उघडणार नाही. पूर्ण आकाराचे जेपेग मात्र नक्की मागावेत. आल्बमवाल्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेले नकोत.

नव्या फॉरमॅटांविषयी थोडक्यात. एव्हीआयएफ २०१९ मध्ये आला, २०२० मध्ये क्रोमने घेतला. खूप दाबूनही चित्र सावरून धरतो. जेपेग एक्सएल जुन्या जेपेगला एकही ठिपका न बदलता सुमारे वीस टक्के लहान करू शकतो, म्हणून जाणकारांचा तो लाडका. गूगलने २०२२ मध्ये तो क्रोममधून काढायचं ठरवलं, ॲपलने २०२३ मध्ये सफारीत घेतला. असे खेळ चालू असताना भरतीच्या सूचनेत जेपेग हाच शब्द राहतो, आणि सूचना लिहिणाऱ्याला त्यासाठी दोष देता येत नाही. वीस वर्षांपूर्वीचा संगणक आणि आजचा मोबाइल, दोन्हींकडे निर्धास्तपणे उघडेल असा फोटोचा फॉरमॅट एवढाच आहे.

तालुक्यातल्या हौशी फोटोवाल्यांना एक जागा सुचवावीशी वाटते. विकिमीडिया कॉमन्सवर चढवलेली फाईल जशीच्या तशी राहते. लहान आवृत्त्या तिथला संगणक वेगळ्या बनवतो आणि मुळाला हात लावत नाही. पिनाकेश्वर, नस्तनपूर, गिरणा धरण यांचे चांगले फोटो तिथे मराठी विकिपीडियासकट सगळ्या भाषांना वापरता येतात. एचईआयसी तिथे घेत नाहीत. जेपेग, पीएनजी, टिफ, वेबपी घेतात. कॅमेऱ्यातून निघालेला पूर्ण आकाराचा जेपेग थेट चढवावा, फक्त त्यात घराचं लोकेशन नाही ना ते आधी पाहावं. ग्रुपवर फिरून आलेला फोटो कितीही सुंदर असला तरी तिथे टाकू नये. तो १६०० वर आलेला असतो, त्यातली तारीख आणि कॅमेऱ्याची नोंद पुसलेली असते, आणि मुळात तो कुणी काढला हे ग्रुपमध्ये एकालाही ठाऊक नसतं. तिथली मंडळी पहिला प्रश्न तोच विचारतात.